फिरण्याची हौस: पडद्यावर किती, पायांनी किती?

साधारण पन्नास-पंचावन्न हजार रुपयांत प्लेस्टेशन ५ येतो. तेवढ्याच पैशांत एका माणसाची व्हिएतनाम किंवा थायलंडची आठवड्याची साधी सहल होते. दिवाळीचा बोनस जमा झाला की हल्ली बऱ्याच घरांत यावरून जुंपते. मुलगी म्हणते, कन्सोल घेऊ, त्यात जपान आहे, इजिप्त आहे, ग्रीसही आहे. वडील म्हणतात, पडद्यावरचा इजिप्त काय कामाचा? दोघांचंही गणित अर्धवट असतं. कन्सोलच्या किमतीत एकही देश येत नाही, तो वेगळा विकत घ्यावा लागतो. आणि सहलीच्या आकड्यात विमा, विमानतळाची टॅक्सी, कार्डावरचा परकीय चलनाचा अधिभार यांतलं काहीच धरलेलं नसतं.

कोणत्याही प्रवासाचं बिल सुटं करून पाहा. विमानाचं तिकीट म्हणजे देह तिकडे नेण्याचा खर्च. हॉटेल म्हणजे तो रात्री ठेवण्याचा. मग त्याला खाऊ घालण्याचा, त्याला काही झालं तर म्हणून विम्याचा, त्याला आत घ्यायचं की नाही हे ठरवणाऱ्या व्हिसाचा. जे पाहायला जायचं त्याचं प्रवेशतिकीट या यादीत सर्वांत किरकोळ. व्हिडिओ गेम स्वस्त पडतो, कारण तो या देहालाच वगळतो. त्यामुळे ‘गेम की प्रवास’ असं सरसकट विचारण्यापेक्षा प्रत्येक ठिकाणाबद्दल एक प्रश्न विचारावा: इथे देहाचं काही काम आहे का? काम असेल तर पैसे साठवा आणि जा. नसेल तर पडदा पुरतो, आणि कधी कधी तो जास्तच दाखवतो.

पुढचे भाव ढोबळ आहेत. १०० येन म्हणजे सुमारे ६० रुपये आणि युरो शंभर रुपयांच्या वर असा हिशेब धरला आहे.

आधी यंत्र

घरात ग्राफिक्स कार्ड असलेला कॉम्प्युटर असेल तर नवा कन्सोल घेण्याआधी थांबा. ‘घोस्ट ऑफ त्सुशिमा’ हा २०२० चा गेम मे २०२४ मध्ये कॉम्प्युटरसाठी आला. त्याची किमान गरज आठ जीबी रॅम आणि जीटीएक्स ९६० हे जुनं कार्ड एवढीच आहे. दृश्यं थोडी फिकी दिसतील, पण बेट दिसेल. जागा मात्र ७५ जीबी लागते. मोबाइलच्या रोज दोन जीबीवाल्या पॅकवर हा गेम उतरवायला घेतलात तर महिना उलटून जाईल. घरी ब्रॉडबँड नसेल तर त्याचं भाडं याच हिशेबात धरा.

कन्सोलच घ्यायचा असेल तर डिस्कवाला घ्या. बिनडिस्कचा काही हजारांनी स्वस्त दिसतो, पण त्यावर घेतलेला गेम कायमचा तुमच्या गळ्यात. डिस्क जुनी मिळते, संपली की विकता येते, मावसभावाला देता येते. दोन-तीन मोठे गेम असे फिरवले की किमतीतला फरक वसूल होतो. मेमरीच्या चिपा महागल्यापासून यंत्रांचे भाव वर सरकत आहेत, तेव्हा ‘पुढच्या वर्षी स्वस्त होईल’ ही आपली जुनी सवय यंदा फारशी कामाची नाही. आठवड्याला पाच तास खेळणारा माणूस पाच वर्षांत तेराशे तास खेळतो. पंचावन्न हजारांचं यंत्र त्याला तासाला सुमारे बेचाळीस रुपये पडतं. वर वीज. कन्सोल खेळताना साधारण दोनशे वॉट घेतो, म्हणजे पाच तासांना एक युनिट. हा आकडा धरला नाही तरी चालेल.

वर्गणीचं प्रकरण जरा जपून. एक्सबॉक्सच्या गेम पास अल्टिमेटचा भारतातला मासिक दर ऑक्टोबर २०२५ मध्ये ८२९ रुपयांवरून एकदम १,३८९ वर गेला. शेकडो गेमांची ही लायब्ररी वाईट नाही, पण भटकंतीच्या हौसेने खेळणारा माणूस वर्षात तीन-चार जगांपलीकडे जात नाही. त्याने एखाद्या महिन्यापुरती वर्गणी भरावी, हवं ते खेळून घ्यावं आणि त्याच दिवशी पुढचं नूतनीकरण बंद करून टाकावं. पंधरा हजारांपर्यंतच्या मासिक कपातीला दर वेळी ओटीपी लागत नाही. आदल्या दिवशी बँकेचा एक संदेश येतो, आणि तो वाचतंय कोण?

नुसती चव पाहायची असेल तर मोठ्या शहरांतल्या गेमिंग कॅफेत तासाला पन्नास ते दीडशे रुपयांत बसता येतं. पंचावन्न हजार घालण्याआधी घरच्या मंडळींना एका शनिवारी तिथे घेऊन जा. अर्ध्या तासात कुणाला गरगरतंय आणि कोण उठायलाच तयार नाही, हे कळेल. गरगरणं ही थट्टेची गोष्ट नाही. काहींना त्रिमितीतला वेगवान कॅमेरा अजिबात सोसत नाही, आणि त्यांच्यासाठी स्वस्तातला कन्सोलही महागच.

बेलूर-हळेबीड: सगळ्यांत जवळचा सौदा

मराठी माणसासाठी गेममधून खऱ्या जागी जाण्याचा सर्वांत परवडणारा रस्ता कर्नाटकात जातो, आणि तो फारसा कुणी घेत नाही याचं मला नेहमी नवल वाटतं. ‘अनचार्टेड: द लॉस्ट लेगसी’ हा ऑगस्ट २०१७ चा गेम. क्लोई फ्रेझर आणि नडीन रॉस या दोघी गणपतीचा हरवलेला दात शोधत पश्चिम घाटात होयसळ राजवटीच्या अवशेषांमधून फिरतात. खेळात हळेबीड आणि बेलूर ही नावं येतात. जीपमध्ये बसून चिखलातून, धबधब्यांखालून मनाला येईल तिकडे जाता येतं. पावसाळी सह्याद्रीचा हिरवा रंग तो करणाऱ्या अमेरिकेतल्या मंडळींना इतका जमला आहे की आंबोली-तिलारीकडच्या माणसाला ओळखीचं वाटावं.

कॉम्प्युटरवर तो ‘अनचार्टेड ४’सह एकत्र विकला जातो. पूर्ण भाव तीन हजारांच्या आसपास, सेलमध्ये निम्म्यावर येतो. हार्ड डिस्कवर जागा सव्वाशे जीबीच्या घरात जाते. खेळ मात्र आठ-नऊ तासांचा, दोन शनिवार-रविवारांत संपतो.

आता खरं होयसळ. गेममध्ये डोंगर कोरून केलेल्या अजस्र मूर्ती आहेत, दरीएवढे दरवाजे आहेत, दोरीला लोंबकळून पार करायचे मनोरे आहेत. होयसळांनी असलं काहीही बांधलं नाही. त्यांची मंदिरं बुटकी, चांदणीच्या आकाराच्या जोत्यावर पसरलेली. दगड संगजिऱ्याच्या जातीचा, खाणीतून निघताना मऊ आणि नंतर कडक होणारा. त्यामुळे त्यात सोनाराच्या हाताने करावं तसं बारीक काम झालं. बेलूरचं चेन्नकेशव मंदिर राजा विष्णुवर्धनाने १११७ मध्ये बांधायला घेतलं. त्याच्या छपराखाली तिरक्या बसवलेल्या मदनिका चाळीसच्या आसपास आहेत, आणि त्यांच्या बांगड्या, अंगठ्या, केसांच्या बटा वेगवेगळ्या कोरलेल्या दिसतात. हळेबीडच्या होयसळेश्वराच्या भिंतीवर तळाशी हत्तींची रांग, वर सिंह, मग वेलबुट्टी, घोडेस्वार, मकर, हंस असे पट्टे देवळाला वळसा घालत जातात. हत्ती वीतभर उंचीचा, आणि एक दुसऱ्यासारखा नाही. आत कातावर फिरवल्यासारखे गुळगुळीत खांब. ते पाहायला वाकावं लागतं, उजेड सरकेपर्यंत उभं राहावं लागतं, नाक भिंतीला लागेल इतकं जवळ जावं लागतं. इथे देहाचं काम आहे. गेमने भव्यता दाखवली, पण होयसळांची खरी करामत बारकाव्यात आहे आणि ती गेममध्ये नाहीच.

खर्च असा. पुणे-मिरज-हुबळी मार्गाने बंगळुरूकडे जाणाऱ्या गाड्या अर्सीकेरेला थांबतात. तिथून हासन पंचेचाळीस किलोमीटरच्या आसपास. बंगळुरूला जाऊन उलटं यायची गरज नाही, तरी बहुतेक टूरवाले तसंच आणतात. दोघांचं तृतीय श्रेणी वातानुकूलितचं जाऊन-येऊन भाडं सहा हजारांच्या आसपास धरा. हासनला किंवा बेलूरला दोन रात्री चार हजार. बेलूर आणि हळेबीड दोन्ही ठिकाणी कर्नाटक पर्यटन मंडळाची ‘मयूर’ हॉटेलं आहेत. खोली साधी मिळते, पण मंदिर पायी अंतरावर. दोन दिवसांची टॅक्सी सहा हजार. जेवणखाण तीन हजार. बेलूरला अजून पूजा चालते, प्रवेशाला तिकीट नाही. हळेबीडलाही मंदिर पाहायला पैसे पडत नाहीत. त्यातले वाचलेले पाचसातशे रुपये अधिकृत वाटाड्याला द्या आणि हात आखडता घेऊ नका. टॉर्च घेऊन तो गाभाऱ्यासमोरच्या छतात जे दाखवेल ते तुम्हाला एकट्याने सापडणार नाही. एकूण वीस हजारांत दोन माणसांचं सगळं नीट होतं. २०२३ मध्ये बेलूर, हळेबीड आणि सोमनाथपूर युनेस्कोच्या यादीत गेल्यापासून शनिवार-रविवारची गर्दी वाढली आहे, म्हणून मंगळवार-बुधवार गाठा. चपला बाहेर काढाव्या लागतात आणि दुपारी अंगणातला दगड तव्यासारखा तापतो. जाड मोजे ठेवा. पन्नास रुपयांची ही वस्तू या सहलीतली सर्वांत फायद्याची खरेदी ठरेल.

घरात गुडघे दुखणारं कुणी असेल तर तेही चालेल. चढ नाही, पायऱ्या थोड्या. आजी-आजोबांना नेण्यासारखी ही सहल आहे, आणि नातवाने आधी गेम खेळलेला असला तर तो देवळात कंटाळत नाही.

त्सुशिमा: हौसेला मोल नाही असं म्हणणाऱ्यांसाठी

दुसरं टोक जपानचं. कोरियाच्या बुसानपासून अवघ्या पन्नास किलोमीटरवर, जपानच्या नागासाकी प्रांतात त्सुशिमा हे बेट आहे. १२७४ मध्ये मंगोल आरमार इथे उतरलं, आणि सो सुकेकुनी हा सरदार ऐंशीच्या आसपास घोडेस्वार घेऊन कोमोदाच्या किनाऱ्यावर त्यांना सामोरा गेला, अशी कथा जपानी इतिहासात सांगतात. ‘घोस्ट ऑफ त्सुशिमा’ची सुरुवात याच लढाईवर बेतलेली आहे. अमेरिकेतल्या सकर पंच या स्टुडिओने तो केला. बेटाच्या लोकांना तो इतका भावला की २०२१ मध्ये स्टुडिओच्या नेट फॉक्स आणि जेसन कॉनेल यांना त्सुशिमाचे पर्यटनदूत नेमण्यात आलं.

पडद्यावरचा खर्च सोपा आहे. कॉम्प्युटरवर मूळ किंमत ३,९९९, सेलमध्ये निम्मी. मुख्य कथा पंचवीस तासांची, कोपरा न् कोपरा पाहायचा म्हटलं तर पन्नास-साठ तास. सेलमध्ये घेतला तर यंत्र वगळून तासाला चाळीस रुपये. मल्टिप्लेक्समधला मक्याच्या लाह्यांचा पुडा याहून महाग असतो. खेळात दिशा दाखवायला बाण नाही. वारा वाहतो आणि गवत त्या दिशेला झुकतं, त्यामागून घोडा सोडायचा. फिरण्याची हौस भागवणारा गेम कसा असावा याचा माझ्या लेखी हा नमुना आहे. नकाशावर डोळे लावून धावायला लावणारे गेम हवेत कुणाला? ते काम नोकरीत होतंच.

पण खऱ्या त्सुशिमाला जाताना खेळातला नकाशा घरी ठेवा. बेट दाट जंगलाचं, डोंगराळ, घोडा फेकावा असं माळरान जवळजवळ नाही. सोनेरी पानांची अरण्यं आणि पांढऱ्या तुऱ्यांची मैदानं स्टुडिओने आपल्या मनाने घातली. कोमोदाचा किनारा लहानसा, शांत. खेळातला कानेदा किल्ला दिमाखदार आहे. खरा कानेदा इसवी सन ६६७ मधला, जंगलातून चढत जायचा, आणि वर उरलंय ते म्हणजे डोंगराच्या कडेने गेलेली दगडी तटबंदी आणि खाली समुद्राची खाडी. राजगडाच्या संजीवनी माचीवर ज्याची पावलं आपोआप मंदावतात त्याला तिथे काय मिळेल हे सांगायला नको. सोन्याची पानं पाहायला निघालेला मात्र हिरमुसून परत येईल. त्याने घरीच खेळावं. त्याचे सव्वा-दीड लाख वाचतील.

तो आकडा कसा येतो ते पाहू. दोघं मिळून जाताय आणि नऊ दिवस क्युशू (फुकुओका शहर ज्यावर आहे ते मोठं बेट) आणि त्सुशिमा एवढंच पाहताय असं धरू. माणशी मुंबई-फुकुओका जाऊन-येऊन, वाटेत एक विमान बदलून, पंचावन्न ते पंचाहत्तर हजार. फुकुओकाच्या हाकाता बंदरातून बेटावर जायला दोन नावा आहेत. वेगवान जेटफॉइल सव्वादोन तासांत पोचवते, साधी फेरी चार-पाच तास घेते आणि निम्म्याच्या आसपास पैशांत नेते. जेटफॉइलने जाऊन-येऊन बारा हजार रुपये धरा. आठ रात्रींचं राहणं, दोघांत वाटून, चोवीस हजार. जेवण एकोणीस-वीस हजार. बेटावर बस आहे, पण तिच्या भरवशावर राहिलात तर निम्मा दिवस थांब्यावर जाईल, म्हणून दोन दिवस भाड्याची गाडी. इंधनासह वाटणीला सहा हजार. क्युशूतल्या रेल्वेगाड्या नऊ हजार. व्हिसा आणि विमा मिळून तीन-चार हजार. बेरीज एक लाख चाळीस हजारांच्या आसपास जाते, आणि यात तोक्यो नाही.

गाडीबद्दल एक चांगली बातमी. भारताचा आंतरराष्ट्रीय वाहन परवाना १९४९ च्या जिनिव्हा कराराखालचा आहे आणि जपान तोच मान्य करतो. आरटीओकडून तो हजार रुपयांच्या आसपास मिळतो, वर्षभर चालतो. जपानात आपल्यासारखंच डाव्या बाजूने चालवतात. बेटावर रस्ते अरुंद आहेत आणि रानमांजरापासून सांभाळून चालवा अशा पाट्या आहेत. बिबट्यासारख्या ठिपक्यांचं हे मांजर जपानात त्सुशिमाखेरीज रानात इतरत्र नावालाही नाही.

रेल्वेच्या सात दिवसांच्या जपान रेल पासचं नाव ऐकून मंडळी तो आधीच घेऊन टाकतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये तो २९,६५० येनांवरून थेट ५०,००० येनांवर गेला. तोक्यो-हाकाता शिंकान्सेनचं, म्हणजे बुलेट ट्रेनचं, एका बाजूचं भाडं तेवीस हजार येनांच्या आसपास, म्हणजे जाऊन-येऊनही पास वसूल होत नाही. वर सर्वांत वेगवान ‘नोझोमी’ गाडीला वेगळे पैसे. तोक्यो हवंच असेल तर फुकुओकाला उतरा आणि तोक्योहून परत फिरा. एका बाजूचा शिंकान्सेन चौदा हजार रुपयांत होतो, देशांतर्गत विमान त्याहून बरंच स्वस्त मिळतं.

शाकाहारी असाल तर पोटाचा प्रश्न गंभीर आहे. बेटावर जेवण म्हणजे मासे. साध्या सोबा शेवयांच्या पाण्यातही वाळवलेल्या माशाचा अर्क असतो. वेगळं शिजवणारं उपाहारगृह मोठ्या शहरांत सापडेल, बेटावर सापडेल असं धरून चालू नका. मेतकूट, भाजणी, पोह्यांची पाकिटं आणि छोटी किटली बॅगेत घाला. फुकुओकात तांदूळ मिळतो.

आणि एक सूचना पैशांची नसली तरी द्यायला हवी. वाताझुमी हे समुद्रात कमानी उतरत जाणारं बेटावरचं मंदिर. सप्टेंबर २०२० च्या वादळात तिथली एक तोरीई कमान कोसळली. दुरुस्तीसाठी ५० लाख येनांचं आवाहन केलं, तर जगभरच्या गेमवेड्यांनी मिळून २ कोटी ७० लाखांच्या वर पैसे पाठवले. पुढे पर्यटक वाढले, वागणं बिघडलं, आणि २०२५ मध्ये मंदिराने पूजेखेरीज नुसतं पाहायला, फोटो काढायला येणाऱ्यांना मनाई केली. फक्त छायाचित्रासाठी तिथे जायचा बेत असेल तर तो यादीतून काढा.

पॅरिस: पडदा जास्त दाखवतो

काही ठिकाणी उलट घडतं. ‘असॅसिन्स क्रीड युनिटी’ हा २०१४ चा गेम, राज्यक्रांतीच्या काळातलं पॅरिस. नोत्र दामच्या भिंतीवरून चढून छपरावर जाता येतं, राक्षसमुखी पन्हाळींच्या शेजारी बसून शहर पाहता येतं. सेलमध्ये हा गेम काही शे रुपयांत मिळतो. १५ एप्रिल २०१९ ला खऱ्या नोत्र दामला आग लागली, तेव्हा गेम करणाऱ्या युबिसॉफ्ट कंपनीने ५ लाख युरो दिले आणि आठवडाभर गेम फुकट ठेवला. त्यातूनच एक दंतकथा निघाली की चर्चची दुरुस्ती गेमच्या आराखड्यावरून झाली. तसं काही नाही. अँड्र्यू टॅलन या कलेतिहासकाराने आगीच्या कितीतरी आधी लेझरने घेतलेली मोजमापं दुरुस्तीच्या कामाला आली. गेममध्ये तर चक्क कालविपर्यास आहे. त्यातला उंच मनोरा एकोणिसाव्या शतकातला, राज्यक्रांतीच्या वेळी तो नव्हताच. पण मनोऱ्याविना नोत्र दाम ओळखणार कोण, म्हणून तो ठेवला.

खऱ्या पॅरिसला शेंगेन व्हिसाचे ९० युरो, केंद्राचं सेवाशुल्क, ३०,००० युरोंचं संरक्षण देणारा विमा लागतो. व्हिसा नाकारला तर शुल्क परत मिळत नाही, आणि नाकारण्याचं प्रमाण आपल्याकडे नगण्य नाही. लूव्र संग्रहालयाने जानेवारी २०२६ पासून युरोपबाहेरच्या प्रेक्षकांचं तिकीट २२ वरून ३२ युरो केलं. नोत्र दाममध्ये मात्र प्रवेश फुकट. डिसेंबर २०२४ मध्ये ते पुन्हा उघडल्यापासून संकेतस्थळावर वेळ राखून ठेवता येते, तीही फुकट. ‘नोत्र दामचं तिकीट’ विकणारा कुणी भेटला तर तो फसवतो आहे. ज्याला इमारती आणि इतिहासच पाहायचा आहे, ज्याचं तिथे कुणी नाही, ज्याला फ्रेंच जेवणाचं सोयरसुतक नाही, त्याला मी तरी आधी गेमच सुचवीन. ‘असॅसिन्स क्रीड ओरिजिन्स’मधला प्राचीन इजिप्त आणि ‘ओडिसी’मधला ग्रीस यांना तर मारामारी वगळून नुसतं फिरण्याची ‘डिस्कव्हरी टूर’ आहे. शाळकरी मुलांच्या हाती निर्धास्त द्यावी अशी. खऱ्या अथेन्सला अक्रोपोलिसचं तिकीट एप्रिल २०२५ पासून ३० युरो आहे आणि तासाचं वेळापत्रक पाळावं लागतं.

फुकटात काय

गूगल अर्थ प्रो कॉम्प्युटरवर विनामूल्य आहे आणि त्यात विमान उडवण्याची सोय लपलेली आहे. कंट्रोल, ऑल्ट आणि ए ही बटणं एकत्र दाबा. स्ट्रीट व्ह्यू भारतात २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाला तेव्हा पहिल्या दहा शहरांत मुंबई, पुणे, नाशिक आणि अहमदनगर होती. परदेशात स्थायिक झालेल्या मुलाच्या गल्लीत घरबसल्या चक्कर मारणारे आजी-आजोबा मी पाहिले आहेत. त्यांना कन्सोल विकायला जाऊ नका. मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरमध्ये जुहूच्या धावपट्टीवरून उडून सह्याद्रीवरून जाण्यात मजा आहे, पण किल्ले डोंगर म्हणून ओळखू येतात, तटबंदी शोधत बसू नये. नवी आवृत्ती जमिनीची चित्रं सतत इंटरनेटवरून ओढते, तेव्हा वेगवान जोडणी नसेल तर पैसे घालू नका. लांब पल्ल्याच्या रस्त्याची ओढ असणाऱ्याने ‘युरो ट्रक सिम्युलेटर २’ घ्यावा. तो २०१२ चा असल्याने जुन्या कॉम्प्युटरवरही धावतो, सेलमध्ये दीडदोनशे रुपयांत येतो. फक्त स्पेन, इटली, बाल्टिक देश असे नकाशे सुटे विकले जातात आणि ते सगळे घेत गेलात तर एका जुन्या कन्सोलची किंमत होईल. एकच घ्या, संपला की दुसरा.

पैसे कुठे गळतात

गेमच्या बाजूला ‘डिलक्स’ आवृत्त्या. त्यात बहुतेक वेळा घोड्याचं खोगीर आणि कपडे मिळतात, नवी जमीन नाही. जमीन वाढवणारी जोडणी असेल तरच पैसे द्या. कॉम्प्युटरचे गेम विकणाऱ्या स्टीम या ऑनलाइन दुकानातून घेतलेला गेम चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असेल तर पैसे परत मिळतात. पहिल्या दीड तासात मन लागलं नाही तर ओढून ताणून खेळू नका. प्लेस्टेशनवर डाउनलोड सुरू केलंत की हा दरवाजा जवळपास बंद होतो.

प्रवासाच्या बाजूला साध्या क्रेडिट कार्डावर परकीय चलनाचा अधिभार साडेतीन टक्क्यांपर्यंत आणि त्यावर जीएसटी. दीड लाखाच्या सहलीत पन्नास हजार कार्डाने गेले तर दोन हजार असेच गेले. परदेशी दुकानदाराने ‘रुपयांत देणार की येनांत’ असं विचारलं तर येनांतच द्या, रुपयांच्या दरात त्याचा वाटा मिसळलेला असतो. टूर कंपनीकडून परदेशाचं पॅकेज घेतलंत तर टीसीएस हा आगाऊ कर कापला जातो. विवरणपत्र भरलं की तो करात वळता होतो किंवा परत येतो, पण तोवर रक्कम अडकलेली राहते. चौघांच्या कुटुंबाने हे आधी विचारून घ्यावं.

वेळापत्रक

स्टीमचा उन्हाळी सेल जूनअखेरीस लागतो, म्हणजे आपल्याकडे पाऊस सुरू होतो तेव्हा. गेम तेव्हा घ्या. जुलै-ऑगस्टमध्ये घाटांत ढग उतरलेले असतात आणि घराबाहेर पडवत नाही, त्या संध्याकाळी खेळायच्या. होयसळ खेळून झाले असतील तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीत बेलूरला जा. रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं आणि दिवाळीच्या सुट्टीत पहिल्याच सकाळी संपतं, म्हणून दिवाळीनंतरचा आठवडा धरा. त्सुशिमाला ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये जाऊ नका, वादळांचे दिवस असतात आणि लाटा चढल्या की जेटफॉइल रद्द होते. नोव्हेंबर उत्तम. मे महिन्यात जायचं तर २९ एप्रिल ते ५ मे ही जपान्यांची सुट्टी टाळून जा, त्या आठवड्यात खोल्या दुपटीने महागतात. बेटावरून परतीच्या नावेनंतर विमानाला किमान एक पूर्ण दिवस मध्ये ठेवा, आणि तो फुकुओकात काढा.